माळा की पाल: एकट्याच्या जागलीचा निवारा

रात्री शेतात एकट्याने राखण करणाऱ्या माणसाला निवाऱ्याकडून तीन गोष्टी हव्या असतात. तिथून पीक दिसले पाहिजे, त्यात अंग कोरडे राहिले पाहिजे आणि जमिनीवरून किंवा आभाळातून येणाऱ्या धोक्यापासून जीव वाचला पाहिजे. झोप ही चौथी गोष्ट, आणि जागलीला गेलेल्याने ती हिशेबात धरू नये हे बरे. या तिन्ही गोष्टी एकाच निवाऱ्यात क्वचित सापडतात. उंचावर गेले की दिसते, पण वीज जवळ येते. जमिनीवर राहिले की विजेचा धोका थोडा कमी होतो, पण साप जवळ येतो. हलके सामान रोज हलवता येते, पण वाऱ्यात ते टिकतेच असे नाही.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न दर हंगामात उभा राहतो. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांनी वसमत तालुक्यात बागायत वाढवली. हळद इथली ओळख झाली, इतकी की ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कुरुंद्याला टोकाई सहकारी साखर कारखाना असल्याने ऊसही उभा असतो. सोयाबीन, तूर आणि कापूस खरिपात, हरभरा, गहू आणि ज्वारी रब्बीत. रानडुकरांना या रचनेहून सोयीचे काही नाही. दिवसा उसात दडायचे आणि रात्री शेजारच्या पिकात उतरायचे. रोही, म्हणजे नीलगाय, कळपाने हरभऱ्यात शिरतात, हरणे कोवळे कोंब खुडतात. शेतीपंपाची लाईट पाळीपाळीने रात्रीची असते, त्यामुळे पाणी द्यायला गेलेला माणूस बरेचदा राखणही करून येतो, तीही एकट्याने.

एकट्याने जनावराची वाट पाहत रात्र काढण्याची ही विद्या मुळात शिकाऱ्यांची. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि पुढे शिकार बंद झाली. आज रानडुक्कर किंवा रोही पिकाची कितीही नासाडी करो, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारणे हा गुन्हाच आहे. कायद्याच्या अकराव्या कलमात अशा परवानगीची तरतूद आहे, पण ती बंदुकीचा परवाना असलेल्या माणसाला, ठरावीक जागी आणि ठरावीक मुदतीपुरतीच मिळते. सर्वसाधारण शेतकऱ्याचे काम हाकलण्यापुरते आहे. हातात बॅटरी, डबा, गोफण, फार तर फटाके. तरी निवाऱ्याचे ज्ञान शिकारीतूनच आलेले आहे. मचाण हे बैठ्या शिकाऱ्याचे साधन. पाल हे फासेपारध्यांसारख्या हिंडत्या समाजांचे घर, चार काठ्यांवर ताणलेले आणि सकाळी गुंडाळून जनावराच्या पाठीवर टाकण्याजोगे. ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून सोडवले, त्या लोकांकडून हलक्या निवाऱ्याबद्दल सर्वांत जास्त शिकण्यासारखे आहे. हे सहसा कोणी कबूल करत नाही. धनगरांच्या मेंढवाड्यालाही तेच लागू पडते.

मचाणाचा आजचा निरुपद्रवी उपयोग पाहायचा तर बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाट किंवा पेंचला जावे. पाणवठ्याशेजारच्या मचाणावर हौशी निसर्गप्रेमी रात्रभर बसून दिसेल त्या प्राण्याची नोंद करतात. मात्र ते मचाण वनखात्याने बांधलेले असते. कुरुंद्याच्या जागल्याला ते स्वतः बांधावे लागते.

या निवडीच्या दोन बाजू आहेत. एक म्हणते, शेतात पक्का उंच माळा हवा. दुसरी म्हणते, बगलेत मारून नेता येईल अशी ताडपत्रीची पाल हवी. दोन्ही बाजू एका चुलत्या-पुतण्याच्या तोंडी घातल्या, तर वाद साधारण असा होतो.

चुलता: बापू, माळ्यावर बसलं की तूर पायाखाली दिसती. खाली बसलास तर तुरीतलं डुक्कर तुला दिसायचं कसं? ते तुझ्या उशाशी येईस्तोवर कळायचं न्हाई.

पुतण्या: काका, तुरीत दिसत नसंल. पण सोयाबीन गुडघ्याएवढं. त्याला माळा कशाला? आन् तुमचा माळा तुरीच्या वावरात. सोयाबीन निघालं की रोही हरभऱ्यात येणार पलीकडच्या वावरात. मग माळा काय डोक्यावर घेऊन जायचा?

चुलता: न्यायचा कशाला? ऊस हाय तिथं ठेवायचा. डुकराचं घर उसात. घरापाशी पहारा ठेवला की झालं.

पुतण्या: डुकराला काय एकच दार हाय व्हय? आज ह्या अंगानं निघतंय, उद्या त्या अंगानं. चार दिवस वास घेतलान् की माळ्याची बाजूच सोडतंय.

पुतण्याच्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे. रानडुकराची नजर अधू असते, नाक मात्र फार तिखट. माणूस ज्या दिशेने वाऱ्यावर आहे ती बाजू ते टाळते. कायमच्या माळ्यावर एकाच जागी माणसाचा, विडीचा, भाकरीचा वास राहतो आणि माळ्याचा दबदबा काही आठवड्यांत ओसरतो. उलट रोही डोळ्याने आणि कानाने सावध असतात. त्यांना माणूस दिसला, हलला किंवा ओरडला, तरच त्याचा उपयोग. त्यामुळे डुकरासाठी जागा बदलणे महत्त्वाचे आणि रोहीसाठी दिसत राहणे महत्त्वाचे, हा फरक दोघांच्याही बोलण्यात सहसा राहून जातो.

माळ्याची उंची पिकावर ठरते. उसाच्या कडेला आठ-दहा फूट लागते, तुरीला सात-आठ पुरते. चार मेढी किमान दोन फूट पुरून, त्यावर सहा बाय चार फुटांचा तळ आणि तिन्ही बाजूंनी दीड फुटाचा कठडा, एवढे झाले की माळा झाला. कठडा मात्र चुकवू नये. डुलकी लागलेला माणूस दहा फुटांवरून पडला तर हात मोडतो, नशीब वाईट असले तर मानही मोडते, आणि त्या रात्री हाक ऐकायला जवळ कोणी नसते. मेढीला डांबर लावल्याशिवाय वाळवी सोडत नाही. काळ्या भुईत मेढी पावसात सैल होतात, कारण ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. म्हणून श्रावणात उभारलेला माळा दिवाळीला चढण्यापूर्वी एकदा हलवून पाहावा.

चुलता: हे सगळं एकदाच करायचं असतंय. तुझी पाल रोज बांध, रोज सोड. चार म्हैन्यांत हाताला घट्टे पडतील.

पुतण्या: रोज पाच मिन्टं लागतात, काका. आन् माळ्याला लाकूड कुठलं? बाभळी उरल्यात किती आपल्या बांधावर? वेळू इकत आणायचा, मजूर लावायचा, दोन दिस मोडायचे.

वजनाचा हिशेब इथेच मांडलेला बरा, कारण बाजारात तो जीएसएममध्ये चालतो, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. नऊ बाय बारा फुटांची ताडपत्री साधारण दहा चौरस मीटर भरते. ती १२० जीएसएमची असेल तर वजन सुमारे १.२ किलो आणि २०० जीएसएमची असेल तर दोन किलो. एका माणसाला ही जागा भरपूर होते. दोरी, चार खुंट आणि दोन काठ्या धरल्या तरी सगळे मिळून चार-पाच किलोंच्या आत राहते. एवढे ओझे सायकलला अडकवून किंवा मोटारसायकलच्या मागे बांधून नेता येते.

परदेशात याहून हलके मिळते. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात एल्क हरणाच्या शिकारीला एकटा जाणारा शिकारी आठवडाभराचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालतो, म्हणून तिथे प्रत्येक ग्रॅम मोजतात. सिलिकॉन चढवलेले पातळ नायलॉन तीन बाय तीन मीटर घेतले तर अर्ध्या किलोच्या आसपास भरते. शिकारी मधोमध चालण्याची काठी उभी करतो, वर कापड ताणतो, बुडाला खाली कापडच ठेवत नाही आणि आत घडीची लहान शेगडी पेटवतो. बूड नसल्याने चिखलाचे बूट आत चालतात आणि वजन वाचते. पण हे सगळे थंड, उंच, शरद ऋतूतल्या डोंगरांसाठी आहे. तिथे त्या दिवसांत जमिनीवर झोपण्याची भीती कमी. मराठवाड्यात बिनबुडाचा निवारा उभारून जमिनीवर अंथरूण टाकणे हा त्या अनुकरणाचा सर्वांत धोकादायक भाग आहे. पातळ नायलॉनचा आणखी एक तोटा म्हणजे ओले झाले की ते लांबते आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. साधी प्लॅस्टिकची ताडपत्री ढिली पडत नाही. किंमतही बरीच कमी. मात्र ती वाऱ्यात फडफडते, आणि फडफडीखाली तुरीतली सरसर ऐकू येत नाही. राखणीचे निम्मे काम कानाने चालते, त्यामुळे हा दोष लहान नाही.

फडफड बंद करण्याचे कौशल्य गावातल्या पालवाल्यांकडून शिकावे. ताडपत्रीचे कडेचे पितळी डोळे ताणाला टिकत नाहीत, एका जोराच्या झोताने फाटतात. त्याऐवजी लिंबाएवढा गोल खडा ताडपत्रीच्या आत धरून बाहेरून कापडाला पिळा द्यायचा आणि त्या मुठीच्या गळ्याला दोरी आवळायची. हवी तिथे अशी गाठ घालता येते, कापड फाटत नाही आणि मधल्या पट्ट्याला जास्तीचा ताण देऊन फडफड मोडता येते. वाऱ्याकडची कड खाली, जमिनीपासून वीतभर, आणि पिकाकडची कड छातीएवढी वर ठेवली की बसल्या जागेवरून पाहता येते आणि पाऊस पाठीमागून सरकून जातो. वरच्या मधल्या काठीची उंची पाच फूट ठेवावी. त्याहून कमी ठेवली तर बाजेवर ताठ बसता येत नाही, जास्त ठेवली तर वारा आत शिरतो.

पुतण्या: हे बघा, पाच फुटाची काठी, दोन दोऱ्या, झालं काम.

चुलता: झालं म्हणजे? खुंट कुठं ठोकशील? पावसाळ्यात काळ्या भुईत ठोकून बघ बरं. लोण्यात सुरी घातल्यावानी जातोय आन् तसाच वर येतोय.

या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते दुकानातल्या खुंटात नाही. काळी माती बेसाल्टपासून बनलेली, चिकणमातीचे प्रमाण जास्त. भिजली की फुगून निसरडी होते, आणि वीतभर लांबीचा लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा खुंट झोताला धरत नाही. उन्हाळ्यात तीच माती हातभर भेगा पाडते, खुंट भेगेतच जातो. अशा भुईत दीड फुटाचे बाभळीचे खुंट, टोक तासलेले, निवाऱ्यापासून बाहेरच्या बाजूला तिरके ठोकावेत. तरी विश्वास नसेल तर खताचे रिकामे पोते मातीने अर्धे भरून, तोंड बांधून आडवे टाकावे आणि दोरी त्याच्या मध्याला बांधावी. पोत्याचे वजन खुंटाचे काम करते, चिखलातही. टोकाईच्या डोंगराकडच्या मुरमाड माळावर उलट होते. तिथे लाकडी खुंट मोडतो, म्हणून सळईचे तुकडे लागतात. दोन प्रकारचे खुंट बाळगणे म्हणजे उगीच भार वाटेल, पण एका वावरातून दुसऱ्यात गेले की जमीन बदलते, हे विसरू नये.

जागा निवडताना लोक हमखास बांधाकडे पाहतात, कारण तो उंच आणि कोरडा असतो. नेमक्या त्याच कारणाने तो उंदरांनाही आवडतो, आणि उंदरांच्या मागे साप येतात.

चुलता: साप म्हणशील तर माळा बरा का पाल बरी, सांग की तूच.

पुतण्या: माळा बरा, मान्य. पण पालीत बी बाज टाकू, वर मच्छरदाणी.

चुलता: बाज घेऊन जाणार मंग हलकं काय राह्यलं?

पुतण्या: बाज एकदाच नेऊन ठेवायची आखाड्यावर. रोज काय फक्त पाल हलवायची.

साप हा या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. भारतात माणसांच्या जिवावर उठणारे चार साप मुख्य मानले जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. जागल्याला सर्वांत धोका मण्यारचा. ती रात्री फिरते, उबेला माणसाच्या अंथरुणात शिरते आणि चावली तरी बरेचदा फारशी वेदना होत नाही, सूजही येत नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात, घसा लागतो, आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. ‘काहीतरी चावले असेल’ म्हणून झोपलेला माणूस तिच्यामुळेच दगावतो. त्यामुळे जमिनीवर अंथरूण टाकून झोपणे टाळावे, एवढा एकच नियम पाळला तरी धोका बराच कमी होतो. चार पायांची बाज, चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी आणि खाली उतरताना आधी बॅटरी लावून मग पाय टाकणे, हे त्यावरचे साधे उपाय. चावल्याची शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करून जिथे प्रतिविष आहे अशा दवाखान्यात जावे. चिरा पाडणे आणि दोरी आवळणे, दोन्ही टाळावे. प्रतिविष चारही सापांवर एकच चालते, त्यामुळे साप शोधत बसण्याची गरज नाही.

विंचवाचा धोकाही जमिनीवरच. लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे औषध वापरण्याचे काम महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केले. ते मूळचे जालना जिल्ह्यातले, म्हणजे मराठवाड्याचेच. पाचटाच्या ढिगाशेजारी किंवा कडब्याच्या गंजीला टेकून अंथरूण टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. गंज वारा अडवते हे खरे, पण तिच्यात काय काय राहते ते रात्री कळत नाही.

आता आभाळ. मराठवाड्यात वैशाख-ज्येष्ठात, मान्सून यायच्या आधी, आणि परतीच्या पावसात आश्विनात, विजा फार पडतात. शेतात मरणाऱ्यांची बातमी जवळजवळ दर हंगामात असते.

पुतण्या: काका, वीज पडली तर माळा पहिला. वावरात सगळ्यात उंच तोच.

चुलता: तसं म्हणशील तर लिंबाखाली जाऊन बसू?

पुतण्या: लिंबाखाली तर आणखीनच नाही. तुमच्या माळ्यापेक्षा ते उंच.

इथे पुतण्याचे म्हणणे बरोबर आहे. मोकळ्या वावरातला एकटा उंच माळा आणि एकटे झाड, दोन्ही विजेला जवळचे. पण ताडपत्रीखाली बसलेला माणूस सुरक्षित आहे असाही अर्थ काढू नये. मळभ दाटले की पाल सोडून आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, पक्क्या खोलीत जायचे, एवढाच उपाय आहे. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असेल तर वीज जवळ आहे असे समजावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप परिसरातल्या विजांची सूचना देते, राखणीला जाणाऱ्याच्या फोनमध्ये ते असावे. एकट्या माणसाने घरी वेळ सांगूनच निघावे, हे सांगायला नकोच.

पाण्याचा मुद्दा निराळा. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात एका रात्रीच्या पावसाने गावात पाणी शिरले. वावरातल्या ओढ्या-नाल्यांकडे तेव्हापासून निराळ्या नजरेने पाहिले जाते, पण पाहिले तरी नाल्याच्या काठची मऊ, सपाट जागा जागल्याला मोहात पाडते. तिथे पाल टाकू नये. पाणी वावरात कुठून उतरते हे दिवसा पाहून ठेवावे, आणि त्या वाटेच्या किमान चार हात वर जागा घ्यावी. माळ्याला हा धोका तुलनेने कमी, पण चार मेढींपैकी एकीखालची माती वाहून गेली तर माळा एका बाजूला कलतो. पावसाळ्यात माळा चढण्यापूर्वी मेढीच्या बुडाशी पायाने दाबून पाहणे चांगले.

थंडीत प्रश्न पुन्हा पालटतो. हरभरा आणि गव्हाच्या दिवसांत, पौष-माघात, या भागातल्या काही रात्री पारा ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. माळ्यावर वारा चौफेर लागतो, दोन घोंगड्या घेतल्या तरी पाय गोठतात. पाल तीन बाजूंनी जमिनीपर्यंत सोडता येते, हा तिचा मोठा फायदा. पण पूर्ण बंद केली तर सकाळी आतल्या बाजूला दवाचे थेंब दिसतात. ते आभाळातले नसतात, माणसाच्या श्वासाची वाफ गार कापडावर बसलेली असते. एकपदरी कापडाला हा दोष असतोच. म्हणून पिकाकडची बाजू थोडी उघडी ठेवणे बरे, ती तशी पाहण्यासाठीही लागतेच. आणि एक खबरदारी: पालीच्या आत आगटी पेटवायची नाही. रॉकी पर्वतातल्या शिकाऱ्याच्या निवाऱ्याला धुराची नळी असते. ताडपत्री तर मुळातच पेट घेणारी वस्तू, आणि धुराचा कोंडमारा झोपलेल्याला कळत नाही.

पुतण्या: मग हे झटका मशीन लावून टाकू की. सोलरवर चालतंय. ना माळा, ना पाल.

चुलता: लाव की. पण तारेखाली गवत वाढलं की करंट उतरतोय, रोज कडेनं फिरून छाटावं लागतंय. आन् पोरा, घरची लाईट कुणी जोडली तारेला तर? माणूस मरतोय.

झटका मशीनची तार क्षणभर थरकाप देते आणि सोडते, म्हणून जनावर मरत नाही, मागे सरते. घरगुती किंवा पंपाच्या लाईनचा थेट प्रवाह तारेत सोडणे मात्र बेकायदा आहे आणि त्याने जनावरांबरोबर शेजारची माणसेही मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. मशीन असले तरी पिकाच्या ऐन हंगामात रात्री फिरणे चुकत नाही, म्हणून निवाऱ्याचा प्रश्न पूर्ण संपत नाही, हलका होतो.

या सगळ्यातून एक निवड पुढे येते ती दोघांच्याही हट्टाबाहेरची. ज्याच्याकडे उसाला लागून तूर किंवा कापूस आहे आणि जो हंगामभर एकाच ठिकाणी राखण करतो, त्याने एक पक्का माळा उसाच्या कडेला उभारावा आणि आभाळ भरले की तो सोडून पक्क्या खोलीत जावे. ज्याची वावरे विखुरलेली आहेत, सोयाबीन आणि हरभरा हीच मुख्य पिके आहेत, आणि ज्याला जागा बदलत राहायची आहे, त्याला पालच हवी: मध्यम जीएसएमची ताडपत्री, दीड फुटी खुंट, दोन पोती, बाज आखाड्यावर ठेवलेली आणि वर मच्छरदाणी. परदेशी अतिहलक्या निवाऱ्याची किंमत देण्यासारखे कारण इथे दिसत नाही, कारण इथे ओझे पाठीवर दिवसचे दिवस वाहायचे नसून आखाड्यापासून वावरापर्यंतच न्यायचे असते. ज्या शिवारात बिबट्याचा वावर असल्याचे वनखात्याने सांगितले असेल, तिथे हा सगळा हिशेब रद्द. तिथे पालीत एकट्याने झोपू नये, माळ्यावरही दोघांनी जावे.

चुलता: मंग माझ्या माळ्याचं काय?

पुतण्या: ऊस हाय तोवर ठेवा. निघाला की लाकूड उतरवून सावलीला ठिवा, पुढच्या साली कामाला येतंय. माझी ताडपत्री उन्हात ठेवली तर दोन सालांत कुजती, ती घडी घालून घरात ठेवावी लागती.

चुलता: आन् रात्री डुकरं येऊन गेलीच तर?

पुतण्या: सकाळी पायखुणा मोडायच्या आधी फोटो काढायचे, वनरक्षकाला फोन लावायचा, तलाठी आन् कृषी सहायक यांना घेऊन पंचनामा करून घ्यायचा. राखण हुकली तर नुकसानभरपाईचा कागद तरी हुकू नये, काका.